क्रमांक तेवीसची कुजबुज

सकाळी नऊ वाजून सहा मिनिटांनी बाईंनी दिवसातला अकरावा तुकडा ऐकला, हिरवं बटण दाबलं आणि हेडफोन अर्धा इंच पुढे सरकवला. शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, अजून खुर्चीची उंची ठीक करत होती.

"बाई, तुम्ही इथंच मुक्कामाला असता का हो?"

"मी वेळेवर येते. तू अजून घरीच झोपलेली आहेस, इथं फक्त तुझी पर्स आलीय."

तुकडा म्हणजे दहा सेकंदांचा आवाज. तो येतो बालवर्गांमधून. चार-पाच वर्षांच्या मुलांना सकाळी एक बिनबाह्यांचं जाकीट घालतात. त्याच्या छातीवरच्या खिशात काडेपेटीएवढा रेकॉर्डर असतो. मूल दिवसभर जे बोलतं, ऐकतं, रडतं, ते त्यात साठतं. मग इथलं यंत्र त्याचे तुकडे पाडतं आणि प्रत्येकाखाली आपलं मत लिहितं: मूल, शिक्षिका, इतर मुलं किंवा गोंगाट. मत पटलं तर माणसानं हिरवं बटण दाबायचं, नाही पटलं तर लाल. माणसाच्या बटणांवरून यंत्र शिकतं. शेवटी प्रत्येक मुलाचा एक कागद निघतो. तासाला किती शब्द बोललं, कुणाशी बोललं, मागे पडतंय का. शिक्षिकेला मदत व्हावी म्हणून ही सगळी यातायात, असं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलं आहे. तक्त्यावर हसणाऱ्या मुलांचं चित्र आहे. त्यातल्या एकानंही जाकीट घातलेलं नाही.

बाईंचं वय एकोणसाठ. त्यातली सव्वीस वर्षं त्यांनी स्वतः बालवर्गाला शिकवलं. फळ्याकडे तोंड करून त्या सांगायच्या, "मागच्या बाकावर कुणीतरी नाकात खडू घातलाय, काढा." खडू निघायचा. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, बाई घरी बसल्या. मग या कामाची जाहिरात आली: कान चांगले असलेली माणसं हवीत. त्यांना वाटलं, हे तर आपलंच काम.

ते काम टायरच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर चालतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या सिलिकॉन लावून बंद केलेल्या आहेत. बावीस माणसं, बावीस हेडफोन. हेडफोन कुणाच्या मालकीचे नाहीत. सकाळी टोपलीतून हाताला येईल तो उचलायचा. काळ्या फोमवर आदल्या दिवशीच्या कानाचं तेल असतं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात जुन्या चादरीची गोल कव्हरं शिवली, नाडी ओवली, आणि ती त्या रोज घरी धुऊन आणतात. चिमणी त्यांना 'कानाची झबली' म्हणते.

पण कव्हरानं कान झाकला जातो, आत येणारं काही थांबत नाही. मुलं रेकॉर्डर चोखतात, त्याचा चपचप आवाज मेंदूच्या मागे जाऊन चिकटतो. सर्दी आत ओढली जाते, ती जणू ऐकणाऱ्याच्या घशात उतरते. आणि मग मोठ्या माणसांचे आवाज. वर्ग दोनच्या शिक्षिकेचा आवाज पहिली वीस मिनिटं पाकात बुडवलेला असतो: "कोण सांगणार मला, पान कुठल्या रंगाचं?" ती मुलांशी नाही, त्यांच्या खिशांशी बोलते. वीस मिनिटांनी रेकॉर्डरची आठवण पुसली जाते आणि तोच आवाज म्हणतो, "पुन्हा ओली केलीस ना? बस आता तशीच." त्या वाक्याखाली यंत्रानं अचूक लिहिलेलं असतं: शिक्षिका. बाई हिरवं बटण दाबतात. बटणाला दुसरं काही विचारता येत नाही.

दुपारी डबा उघडला की कधी कधी त्यांना घास जात नाही. त्या डबा झाकतात, तोंड धुतात आणि परत येऊन बसतात.

आधी पद्धत वेगळी होती. एकच तुकडा दोन माणसं वेगवेगळी ऐकायची. दोघांचं जमलं नाही तर तिसरा निवाडा करायचा. वर्षभरापूर्वी दुसऱ्या माणसाच्या जागी यंत्र आलं, आणि तिसऱ्याची गरजच उरली नाही. आता दर शुक्रवारी प्रत्येकाची 'सहमती' जाहीर होते, म्हणजे तुमचं आणि यंत्राचं किती टक्के जमलं. पंच्याऐंशीच्या खाली गेलात तर तुमच्याकडे तुकडे कमी येतात. सगळ्यांत वर असलात तर 'सोन्याचा कान' मिळतो. तो पुठ्ठ्याचा आहे, त्यावर सोनेरी कागद चिकटवलेला आहे, आणि महिनाभर तो तुमच्या टेबलावर उभा राहतो.

बाईंच्या टेबलावर तो सलग चार महिने उभा आहे.

तो कसा मिळवायचा हे त्यांना क्रमांक तेवीसनं शिकवलं. मुलांची नावं ऐकणाऱ्यांना कळत नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यात फक्त 'वर्ग २, मूल २३' असं येतं. ही तेवीस म्हणजे एक मुलगी. शिक्षिकेनं काही विचारलं की गप्प. मोठ्यानं कधीच नाही. पण शेजारी कुणीतरी बसतं, त्याच्या कानात ती अखंड बोलते, इतक्या बारीक आवाजात की जाकिटाच्या कापडाची सळसळ तिच्या वर चढते. बाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती कपाटामागच्या पालीबद्दल सांगत होती. पालीची शेपटी तुटली होती.

"पालीला शेपटी परत येते," तेवीस कुजबुजली. मग जरा थांबून, "पण शेपटीला पाल परत येत नाही."

यंत्रानं खाली लिहिलं होतं: गोंगाट.

बाईंनी लाल बटण दाबलं आणि 'मूल' असं दुरुस्त केलं. त्या दिवशी तेवीसचे असे एकतीस तुकडे आले, एकतिसांवर लाल. शुक्रवारी बाईंची सहमती एक्याऐंशी निघाली आणि पर्यवेक्षकांनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. पर्यवेक्षक पस्तिशीचे आहेत, सभ्य आहेत, हात धुतल्याशिवाय कुणाशी बोलत नाहीत. प्रत्येक वाक्यात टक्के येतात म्हणून सगळे त्यांना मागून टक्केसाहेब म्हणतात.

"बाई, तुमचे कान चांगले आहेत," ते म्हणाले. "पण जरा जास्तच चांगले आहेत."

"म्हणजे कमी ऐकू?"

"नियमावली, पान नऊ. स्पष्ट न ऐकू येणारा आवाज गोंगाट समजावा."

"मला स्पष्ट येतो की."

"तुम्हाला येतो. शंभरातल्या नव्वदांना येणार नाही. आपल्याला सरासरी कान पाहिजे."

लाल बटण दाबलं की दुरुस्ती भरायला चाळीस सेकंद लागतात. हिरव्याला दोन. पुढच्या सोमवारपासून बाई तेवीसची कुजबुज शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मग हिरवं दाबायच्या. दुसऱ्या महिन्यापासून शेवटपर्यंत ऐकणंही सुटलं. यंत्र बाईंकडून शिकत होतं, बाई यंत्राकडून, आणि दोघांची प्रगती उत्तम होती. सोन्याचा कान आला.

मागच्या सोमवारी टक्केसाहेबांनी त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला. शाळांना शुक्रवारीच गेलेल्या कागदांच्या या कार्यालयीन प्रती. "तुम्ही शाळेतल्या. भाषा बघून घ्या, पुढच्या वेळी सुधारू. शिक्षिका म्हणतात कळत नाही."

बाईंनी लाल पेन घेतलं आणि दहाव्या कागदाशी थांबल्या. मूल क्रमांक २३. ताशी शब्द: ११. वर्गाची सरासरी: १५८. गट: तळ. शिफारस: दहा दिवसांनी, सोमवारपासून, छोटा वर्ग.

छोटा वर्ग म्हणजे काय, हे बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बहुतेक शाळांत तो सामानाच्या खोलीला लागून असतो. तिथं हळू चालणारी मुलं ठेवतात आणि त्यांच्याशी हळू बोलतात. जाणं सोपं असतं; परत येताना दार अरुंद होतं. बाईंनी आपल्या सव्वीस वर्षांत सात मुलं तिकडे पाठवली होती. त्यातलं एक परत आलं.

त्या कागद घेऊन काचेच्या खोलीत गेल्या.

"साहेब, हे चुकलंय. ही मुलगी बोलते."

टक्केसाहेबांनी कागद बोटांच्या टोकांनी धरला. "अकरा शब्द. बोलते की."

"अकरा नाही हो. तोंड मिटत नाही तिचं. कुजबुजत बोलते."

"हे तुकडे कुणी तपासले ते बघू." त्यांनी पडदा वळवला. "तुम्हीच. सगळे हिरवे. शंभर टक्के."

पडद्यावर हिरव्या चौकोनांच्या रांगा होत्या.

"मी परत ऐकते," त्या म्हणाल्या.

"ऐका. पण प्रत्येक लाल बटण असहमतीत जाईल. सिस्टीमला नवं काय नि जुनं काय, कळत नाही."

घरी बाईंचे यजमान पलंगावर पाय पसरून बातम्या ऐकत होते, म्हणजे अख्खी गल्ली ऐकत होती. लिफ्टच्या मोटरशेजारी चौतीस वर्षं उभं राहून त्यांचा डावा कान गेला, उजवा जायच्या वाटेवर आहे.

"अहो, आवाज कमी करा."

"काय?"

"कमी करा!"

"बरं बरं. ओरडतेस कशाला? या घरात दोन कान धड आहेत, तेही कंपनीला दिलेले." त्यांनी आवाज कमी केला. "तोंड का असं? कुणी काय बोललं?"

बाईंनी सांगितलं. ते उजवा कान पुढे करून ऐकत राहिले.

"म्हणजे मशीन चुकलं."

"मशीन पहिल्या दिवशी चुकलं. नंतर मी चुकवलं. मला ऐकू येत होतं, तुम्हाला कळतंय का? ऐकू येत होतं आणि मी बटण दाबत होते. त्या पुठ्ठ्याच्या कानासाठी."

"तो आण की घरी. मला लावू."

एरवी बाई हसल्या असत्या. त्या उठून मोरीत गेल्या आणि कव्हरं धुवायला घेतली. साबण संपला तरी चोळत होत्या.

मंगळवार आणि बुधवार त्यांनी तेवीसचं तेरा तासांचं रेकॉर्डिंग पुन्हा काढलं. त्यांच्या स्वतःच्या हिरव्या बटणाखालचे चारशे बारा 'गोंगाट' होते. त्यातले एकशे पंचवीस खरंच गोंगाट निघाले: खुर्च्या, खोकले, कापड. दोनशे सत्याऐंशींमध्ये तेवीस बोलत होती. ती शेजारच्या मुलाला सांगत होती की टीचरच्या पर्समध्ये दुसरी टीचर असते, ती घरी गेल्यावर बाहेर येते. ती मोजत होती, चुकत होती, परत पहिल्यापासून मोजत होती. एका तुकड्यात ती म्हणाली, "हळू बोल. हा खिसा ऐकतो."

बाईंनी तो तुकडा दोनदा ऐकला. मुलीला जे चार वर्षांची असताना समजलं होतं, ते इथल्या बावीस माणसांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं. ती यंत्राला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होती, आणि यंत्रानं त्याबद्दल तिला तळाला टाकलं होतं.

"बाई, तुमची सहमती अठ्ठावन्न दाखवतंय," बुधवारी संध्याकाळी चिमणी खालच्या आवाजात म्हणाली. "माझी पंधराच दिवसांत एकदा ऐंशी झाली तर मी रडले होते."

"रड. कामाच्या वेळेत रडू नको, गोंगाटात जाईल."

नव्या हिशेबानं तेवीस तासाला एकशे चव्वेचाळीस शब्द बोलत होती. तळाच्या गटाची रेघ साठावर आहे. गुरुवारी बाई काचेच्या खोलीत गेल्या तेव्हा त्यांना वाटत होतं, आता नवा कागद निघेल आणि विषय मिटेल.

"नवा कागद निघणार नाही," टक्केसाहेब म्हणाले. "अकराचे एकशे चव्वेचाळीस झाले. आकडा दुपटीपेक्षा जास्त हलला की ते मूल अविश्वासार्ह धरतात. तिला अभ्यासातून काढून टाकलंय."

"कुणाला?"

"तेवीसला. म्हणजे तिच्या डेटाला."

"मग शाळेला काय कळवलं?"

"काहीच नाही. जे मूल आपल्याकडे नाही, त्याबद्दल आपण कसं कळवणार?"

"आणि आधीचा कागद? तळ, छोटा वर्ग, तो?"

टक्केसाहेबांनी बाटलीतलं जंतुनाशक तळहातावर घेतलं आणि चोळलं. "तो त्यांच्याकडे असेल. आता तो आमचा नाही."

"साहेब, लाज नाही वाटत?"

"बाई, एका मुलानं एकूण निकालात शून्य पूर्णांक तीन टक्के फरक पडतो."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. हात मात्र पुन्हा चोळले.

ऐकणाऱ्यांनी शाळेशी कोणताही संपर्क करू नये, या कलमाखाली बाईंची सही आहे. शाळेचं नावही त्यांना माहीत नाही. पण दर शुक्रवारी दुपारी रिकामे केलेले, चार्ज केलेले रेकॉर्डर प्लास्टिकच्या पेट्यांतून शाळांना परत जातात, आणि त्या पेट्या दाराशी उभ्या असतात. प्रत्येकीवर मार्करनं वर्गाचा क्रमांक लिहिलेला असतो. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी वहीचं पान फाडलं, बालवर्गाच्या बाईंचं असतं तशा गोल अक्षरात चार ओळी लिहिल्या, खाली आपलं पूर्ण नाव घातलं आणि ते पान 'वर्ग २' च्या पेटीत तेवीसच्या रेकॉर्डरखाली ठेवलं. चिमणीनं पाहिलं आणि मान वळवून खिडकीबाहेर बघू लागली. खिडकीतून टायरच्या दुकानाचं पुढे आलेलं छप्पर दिसतं, दुसरं काही नाही.

पानावर लिहिलं होतं: 'क्रमांक तेवीस बोलते. तासाला एकशे चव्वेचाळीस शब्द. अकरा हा आकडा चूक आहे आणि तो मी मंजूर केला होता. कृपया शेजारी बसून, चेहरा दुसरीकडे करून ऐका.'

पेटी सोमवारी संध्याकाळी परत आली. आत सत्तावीस रेकॉर्डर भरलेले होते आणि एक कोरा. कोऱ्याला रबरबँडनं उत्तर बांधलं होतं. पेट्या टक्केसाहेब उघडतात, त्यामुळे उत्तर आधी त्यांनी वाचलं. आज, मंगळवारी सकाळी, त्यांनी ते बाईंपुढे टाकलं.

ते वर्ग दोनच्या शिक्षिकेचं होतं. जो पाकातला आवाज बाई चार महिने दात-ओठ खाऊन ऐकत होत्या, त्याचं अक्षर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. अक्षर घाईचं होतं.

'बाई, ती बोलते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रोज डोळ्यांसमोर असते. पण कागदावर अकरा आलं तेव्हा मला वाटलं, मशीननं मोजलंय, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल. आमच्या मोठ्या बाईंना तुमची चिठ्ठी दाखवली. सत्र संपेपर्यंत ती माझ्याच वर्गात राहील. तिला जाकीट घालणं आजपासून बंद केलं आहे.'

"म्हणजे तिलाही माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"सगळ्यांनाच माहीत होतं की हो. मला, तिला. ऐकू येत होतं सगळ्यांना."

सुटल्यासारखं त्यांना वाटलं नाही. चोखलेल्या रेकॉर्डरचा ओशट वास पेटीतून येत होता, आणि तो आपल्याच हातांना येतोय असं त्यांना वाटलं. त्या शिक्षिकेची किळस करायला चार महिने सोपं गेलं होतं. आता ते जमेना, कारण तिची चूक नेमकी त्यांच्याच मापाची निघाली.

"नियमाप्रमाणे मला तुम्हाला काढायला हवं," टक्केसाहेब म्हणाले. "पण तुमच्या चार महिन्यांच्या आकड्यांमुळे वरचे म्हणतात, पुन्हा प्रशिक्षण द्या. तीन आठवडे. मुलांचे तुकडे तोपर्यंत बंद. चाचणी पास झालात तर परत."

"चाचणीतली बरोबर उत्तरं कुणी ठरवलीत?"

टक्केसाहेब पहिल्यांदाच जरा अडखळले. "ती उत्तम ऐकणाऱ्यांच्या कामातून घेतलेली असतात."

"म्हणजे कुणाच्या?"

"या वेळी बरीचशी तुमच्याच. सोन्याच्या कानाच्या महिन्यांतली."

बाईंनी हेडफोनची कव्हरं काढून पर्समध्ये ठेवली. पुठ्ठ्याचा कान त्यांनी चिमणीच्या टेबलावर नेऊन ठेवला. चिमणी म्हणाली, "ई, नको, माझ्याकडे नका ठेवू," आणि तो हेडफोनच्या टोपलीत टाकला. मग बाईंनी पायऱ्यांच्या तोंडाशी लावलेल्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकावर आपलं नाव शोधलं. ते सातवं आहे. पहिली चाचणी उद्या सकाळी नऊ ते साडेनऊ, खोली क्रमांक चार. चाळीस तुकडे ऐकवतात. उत्तीर्ण व्हायला अडतीस उत्तरं जुळावी लागतात.